गोड्या पाण्याचं लेथ

कडूबा उमाळे लग्नाच्या पंगतीत बसला की आधी पत्रावळ पाहत नाही, पेला पाहतो. स्टीलचा रिकामा पेला बोटांत आडवा धरून गरगर फिरवतो, एक डोळा मिटून त्याच्या काठाकडे बघतो आणि शेजारी बसलेल्याला सांगतो, "सेंटर आऊट हाये याचं." शेजारी बिचारा वरण-बट्टीची वाट बघत असतो, तो काय बोलणार? एकदा घरी बायकोच्या भाकरीचीही त्याने अशीच खोड काढली होती. सत्यभामाबाईने ती भाकर त्याच्या ताटातून उचलून टोपल्यात परत ठेवली आणि म्हणाली, "मंग घ्या तुमच्या मशीनवर गोल करून." तेव्हापासून भाकरीबद्दल त्याने चकार शब्द काढलेला नाही.

माणूस वाईट नाही. एकतीस वर्षं लेथवर उभं राहिलं की कोणाचंही असंच होईल. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरगर फिरवून त्याला हत्याराने सोलत सोलत गोल करणारं मशीन. जळगाव जामोदच्या एका वर्कशॉपात कडूबाने त्या मशीनवर मोटरींचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे बुश, गिरण्यांच्या पुल्या असं काय काय उतरवलं, त्याची गणती नाही. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून आईने याचं नाव कडूबा ठेवलं. देवाच्या तोंडाला कडू लागावा आणि त्याने परत ठेवून द्यावा एवढाच हेतू. देवाने ठेवून दिला. आज तो एकोणसाठ वर्षांचा आहे, उंच, थोडा वाकलेला, आणि उजव्या हाताची तर्जनी अशी की नुसती फिरवून शाफ्टवरचा खड्डा सांगते.

दोन वर्षांपूर्वी वर्कशॉपचे मालक वारले आणि त्यांच्या मुलाने, शेखरने, त्या जागेवर दुकानांचे गाळे काढले. त्यात त्याची काही चूक नव्हती, त्याला लोखंडात रस नव्हता इतकंच. लेथ जालन्याच्या एका व्यापाऱ्याने ट्रकमध्ये घालून नेलं. कडूबा ट्रकच्या मागे चौकापर्यंत चालत गेला, तिथे उगाच एक चहा प्यायला आणि बस धरून घरी आला. घरी आल्यावर दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला, पण बोलला नाही, आणि सत्यभामाबाईच्या मते तेच जास्त वाईट होतं.

त्याचं गाव संग्रामपूर तालुक्याच्या दक्षिणेला, पूर्णा नदीकडे उतरणाऱ्या काळ्या जमिनीत. मान वर केली की उत्तरेला सातपुडा दिसतो, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी विहिरींना गोडं पाणी आहे. इथे मात्र जमिनीला कुठेही भोक पाडा, मीठच वर येतं. खारपाणपट्टा म्हणतात याला. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, आणि घरांच्या भिंतींना खालून पांढरा लोणा चढतो. गोडं पाणी येतं ते नळाला, दहा-बारा दिवसांतून एकदा, तासभर. तेवढ्या तासात एक निळा ड्रम आणि चार हंडे भरून घ्यायचे आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात तीसुद्धा गोड्या पाण्याची. मेलेल्या माणसालाही इथे कोणी बोअरचं पाजत नाही.

या पाण्यावर सत्यभामाबाईने चाळीस वर्षं संसार केला. आणि मागच्या वर्षी ती वीस दिवस चाकणला जाऊन आली.

त्यांचा मुलगा गोपाल चाकणच्या कारखान्यात मशीन चालवतो. कॉम्प्युटरचं मशीन, बटण दाबलं की आपोआप लोखंड कापणारं. त्याची बायको अपेक्षा बाळंत झाली म्हणून सत्यभामाबाई गेली होती. परत आली ती शेजारच्या वंदनाला नातवाबद्दल कमी आणि नळाबद्दल जास्त सांगत होती. "तोटी फिरवली की गोडं, वंदना! दुपारी फिरवा, सकाळी फिरवा. दोन शिट्ट्यांत डाळ मेनासारखी! अन् माहे केस पाह्य, हात फिरवून पाह्य." वंदनाने केसांवरून हात फिरवला आणि तिचा जीव हळहळला.

या आखाजीला गोपाल घरी आला आणि त्याने सरळच विषय काढला. "बाबा, आता अथी काय ठेवलं हाये? चला चाकनले."

कडूबा म्हणाला, "तथी मी काय करू? तुह्या फ्लॅटात बसून पंखा मोजू?"

"माय, तू सांग."

सत्यभामाबाई आडपडदा ठेवणारी बाई नव्हे. "मले जायचं हाये," ती म्हणाली. "पन याईले सोडून नाई जानार."

मग कडूबाने जे सांगितलं ते गेले दोन महिने त्याच्या डोक्यात घोळत होतं. लोक अजूनही त्याच्याकडे येत होते, कोणी रोटाव्हेटरचा बुश घेऊन, कोणी मोटरीचा शाफ्ट घेऊन, आणि त्यांना खामगावला धाडताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. तर तो स्वतःच लेथ बनवणार होता. घरीच, गोठ्यात. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता.

गोपाल हसला. बाप हसला नाही, तेव्हा गोपाल थांबला. शेवटी घरातल्या घरात करार झाला. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत कडूबाने घरच्या लेथवर सहा इंच लांबीचा शाफ्ट उतरवायचा. गोपाल आपलं मायक्रोमीटर आणेल. शाफ्टच्या एका टोकाची आणि दुसऱ्या टोकाची जाडी यांत पन्नास मायक्रॉनपेक्षा जास्त फरक निघता कामा नये. पन्नास मायक्रॉन म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. जमलं तर दोघं इथेच राहतील. नाही जमलं तर घराला कुलूप.

"अन् मंग कुरकुर करायची नाई," सत्यभामाबाईने बजावलं.

"नाई करनार," कडूबा म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी तो संग्रामपूरला तौसिफकडे गेला. तौसिफचं स्टँडच्या मागे वेल्डिंगचं दुकान. वय चाळिशीचं, तोंड सतत चालू, आणि भंगाराच्या ढिगातून हवी ती वस्तू डोळे झाकून काढण्यात पटाईत. त्याने जुन्या जीपचा मागचा ॲक्सल काढून दिला. त्याच्यावर फिरणारा भाग बसला. लोखंड पकडणारं चक सापडलं, त्याचा एक जबडा तुटका होता, तो कडूबाने कानस घेऊन आठ दिवसांत घडवला. बंद पडलेल्या कांडप गिरणीची मोटर आली. घोडं अडलं ते पायावर. लेथचं सगळं सामान ज्या लांब, जड, सरळ ओंडक्यावर बसतं त्याला कारागीर बेड म्हणतात. बेड असतो ओतीव लोखंडाचा, दोन-तीन क्विंटलचा, आणि तो कडूबाच्या आवाक्यातला नव्हता.

विचार करून करून कडूबाच म्हणाला, "तौसिफ, बेड लोखंडाचा काऊन असते? हालू नये म्हून. मंग सिमेंटचा घाट कधी हालते का?"

"काका, तुमी मशीन बनवून राह्यले का घराचा पाया?"

"पायाच बनवून राह्यलो बे."

तौसिफने मोबाईलवर शोधलं तर परदेशात कोणी कोणी खरंच सिमेंटचे लेथ केले होते. कडूबाला आनंद झाला आणि थोडा रागही आला, कारण युक्ती आपलीच आहे असं त्याला वाटत होतं. वैशाखाच्या उन्हात दोघांनी लाकडाचा साचा ठोकला, आत सळया बांधल्या, बोल्ट उभे केले आणि वाळू-गिट्टी-सिमेंट कालवून बेड ओतला. चार फूट लांब, अडीच क्विंटल वजन. त्याच्यावर दोन सपाट पोलादी पट्ट्या बोल्टांनी आवळल्या. या पट्ट्यांवरूनच हत्यार पुढे-मागे सरकणार होतं. सपाटी तपासायची लेव्हल लावली. बुडबुडा मधोमध स्थिर उभा राहिला. कडूबाने पट्ट्यांना तेल चोपडलं, वरून गोणपाट झाकलं आणि पावसाळाभर ओसरीत बसून बाकीचे भाग घडवत राहिला.

हे दिवस त्याचे फार सुखाचे गेले. सकाळी उठून आधी कानस, मग चहा. गावातले लोक येऊन बसायचे, नाही नाही त्या सूचना करायचे. ज्याने जन्मात पाना धरला नाही तोही सांगायचा, "कडूबाभाऊ, याले गिअर टाका." उंटावरच्या शहाण्यांना कुठे तोटा आहे? कडूबा सगळ्यांना हो म्हणायचा आणि आपलंच करायचा. श्रावणात एकदा त्याने गोणपाट उचललं तेव्हा बेडवर पांढरी भुकटी दिसली. सिमेंटचा पांढरेपणा असेल म्हणून त्याने ती ब्रशने झटकली आणि पुन्हा झाकून ठेवलं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. कडूबाने आंघोळ केली, मोठ्या हौसेने गोठ्यात जाऊन गोणपाट ओढलं आणि तिथेच उभा राहिला.

बेडवर कापसाच्या बोंडासारखा पांढरा फुलोरा आला होता. पट्ट्यांच्या कडेने सिमेंटचा वरचा थर भुगा होऊन सुटत होता. बोल्टांभोवती तांबडा गंज फुगला होता आणि एक पट्टी चक्क उचलली होती. त्याने लेव्हल ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला तो हलेना.

मागून सत्यभामाबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन आली. तिने वाकून बोटाने तो फुलोरा उचलला, जिभेला लावला आणि थुंकली.

"लोना हाये," ती म्हणाली. "कायच्या पान्यात कालवलं होतं?"

"बोअरच्या. आनखी कायच्या?"

"अहो, पन..."

"आख्खं गाव बोअरच्याच पान्यात बांधते!"

"अन् आख्ख्या गावाच्या भिंती पाह्यल्या का तुमी?"

ही चूक दुसरीकडचा माणूस करूच शकला नसता. त्याच्याकडे असं पाणीच नसतं. इथे घर, गोठा, देऊळ, शाळा सगळं बोअरच्या पाण्यात बांधतात. दर तीन वर्षांनी खालचा गिलावा पडतो आणि लोक पोळ्याच्या आधी तो पुन्हा मारून घेतात, बैलाची शिंगं रंगवावीत तसा. लोणा चढणं ही इथे कोणाला चूक वाटतच नाही. एकतीस वर्षं केसाएवढा फरक बोटाने ओळखणाऱ्या माणसालाही ती वाटली नव्हती.

पाडव्याला तीन आठवडे उरले होते. बेड फोडून नवा ओतायचा, आठ-दहा दिवस ओला ठेवायचा, पट्ट्या बसवायच्या, जुळवणी करायची. धावपळ केली तर वेळ पुरला असता. पण त्याला गोडं पाणी हवं होतं. वाळू धुवायला, कालवायला, वरून शिंपायला, सगळं मिळून ड्रमभर तरी. पाऊस नवरात्राच्या आधीच उघडलेला. गावातलं फिल्टरच्या पाण्याचं मशीन आषाढापासून बंद पडलेलं. राहिला नळ. आणि नळाचं पाणी सत्यभामाबाईचं होतं. जिला गोड्या पाण्यासाठी चाकणला जायचंय, तिच्याकडे इथेच राहण्यासाठी गोडं पाणी मागायचं? कडूबाची जीभ रेटेना. ज्याची जीभ रेटत नाही तो माणूस मग उलटं बोलतो, तसा तो बोलला.

"झालं तुह्या मनासारखं. बांध बोचकं."

सत्यभामाबाईने ताट खाली आपटलं. कुंकू सांडलं. तिने त्या भुगा झालेल्या मशीनला हळद-कुंकू लावलं, हात जोडले आणि घरात निघून गेली. दसऱ्याला दोघांनी एकमेकांना सोनं दिलं तेही दुसरीकडे बघून.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. गल्लीत आरडाओरडा, हंड्यांचा खणखणाट. कडूबा ओसरीत पाठ करून बसला होता. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की घरात ड्रम भरल्याचा आवाज येत नाही. तो उठला. नळाची नळी अंगणातून आडवी गोठ्याकडे गेली होती. गोठ्यात निळा ड्रम उभा होता आणि सत्यभामाबाई नळीचं तोंड त्यात धरून उभी होती.

"हे काय करून राह्यली?"

"दिसत नाई का?"

"अवं, पेयाचं पानी हाये ते!"

"पेयाले चार हंडे भरले मी. स्वयंपाक होईन बोअरवर."

"पन काऊन? तुले तं जायचं हाये चाकनले."

ती त्याच्याकडे वळली. ती चिडलेली होती, आणि चिडली की सत्यभामाबाई फार नीट बोलते. "जायचंच हाये. लपवून नाई ठेवलं मी. तुमच्या हातून मशीन झाली नसती, तुमचा हात चुकला असता, तं खुशाल गेली असती. पन या लोन्यानं हारवलं म्हून नाई जानार. यानं माह्या सासूची भिंत खाल्ली. माहे हंडे खाल्ले, माहे केस खाल्ले. चाळीस वर्सं भांडून राह्यली मी याच्याशी. आता तुमच्या मशीनलेबी यानंच खायाचं, अन् मी त्याच्या जिवावर जाऊन तोटीखाली बसू? तुमी हारा बाप्पा खुशाल. पन लोन्याच्या हातानं नोका हारू."

ड्रम भरून वाहू लागला तेव्हा तिने नळी बादलीत टाकली. कडूबा घण आणायला गेला. आपला चेहरा तिला दिसू नये म्हणून तो जरा जास्तच वेळ घण शोधत राहिला.

तौसिफ आला. दोघांनी दोन दिवस घण घालून बेड फोडला. पाच महिन्यांपूर्वी ज्याला इतक्या मायेने थापलं होतं त्याच्यावर घण घालताना कडूबाचे हात अडखळत होते, तौसिफचे नव्हते. पट्ट्या घासून स्वच्छ केल्या, बोल्ट नवे घेतले. वाळू गोड्या पाण्यात तीन वेळा धुतली. कालवताना कडूबा पाणी इतकं जपून ओतत होता की सत्यभामाबाईने तांब्या त्याच्या हातातून घेतला. "हात आखडू नोका. सून न्हाऊन राह्यली म्हना घरची," ती म्हणाली आणि तौसिफ इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

मग वाट पाहण्याचे दिवस. बेडवर ओलं गोणपाट, दिवसातून तीनदा शिंपण. घरात बोअरच्या पाण्याचा चहा. पहिला घोट घेतला की तोंड वाकडं व्हायचं. डाळ शिजेना म्हणून रोज पिठलं-भाकर. पिठल्यात मीठ टाकायचीही गरज पडत नाही, असं सत्यभामाबाई म्हणायची. पाचव्या दिवशी कडूबाचं मन खाऊ लागलं. ती देवळात गेलेली पाहून त्याने दुपारचं शिंपण गुपचूप बोअरच्या पाण्याने केलं. एका वेळेने काय होतंय, तेवढंच तिच्या ड्रममधलं वाचेल. संध्याकाळी ती गोठ्यात आली तर गोणपाटाची सुकलेली कड पांढरी दिसत होती. तिला सांगावं लागलं नाही.

"कोनासाठी वाचवलं?" तिने विचारलं.

"तुह्यासाठी."

"मले इचारलं होतं का?"

तिने ते गोणपाट काढून उकिरड्यावर फेकलं, दुसरं आणलं, बेड गोड्या पाण्याने दोनदा धुतला आणि त्या दिवसापासून शिंपण स्वतःच्या हातात घेतलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ती शिंपायची तेव्हा कडूबा दारात उभा राहून बघायचा. चाळीस वर्षांत त्याने तिला इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याला याची लाजही वाटली.

दहाव्या दिवशी गोणपाट उतरवलं. बेड राखाडी, कोरडा, ठणठणीत. तिने बोट फिरवून जिभेला लावलं आणि मान डोलावली. कडूबाने पट्ट्या आवळल्या, खाली पातळ पत्र्याचे तुकडे सारत सारत बुडबुडा मधोमध आणला, ॲक्सल बसवला, चक चढवलं, मोटरीला पट्टा घातला.

गोपाल लक्ष्मीपूजनाला आला, अपेक्षा आणि बाळाला घेऊन. गोठ्यात डोकावून म्हणाला, "बाबा, आमच्या कंपनीत या कामाले एसीची खोली हाये." पण मशीनभोवती तो तीन चकरा मारून आला, हे कडूबाने पाहिलं.

पाडव्याच्या सकाळी सगळे गोठ्यात जमले. तौसिफ आला, वंदनाही आली. कडूबाने सळईचा तुकडा चकात पकडला, दुसरं टोक टेकणावर धरलं आणि बटण दाबलं. मोटर घुरघुरली, मशीन फिरू लागलं. बेड हलला नाही. कडूबाने हत्यार टेकवलं आणि लोखंडाची पहिली साल लांब, वळ्या वळ्यांची, अलगद सुटून खाली पडली. गोपालच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच मावळलं, कारण अशी एकसारखी साल कधी सुटते हे त्याला ठाऊक होतं. कडूबाने तीन फेऱ्या मारल्या. मशीन बंद केलं. शाफ्ट पुसला.

"घे," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

गोपालने मायक्रोमीटर लावलं. एका टोकाला मोजलं, दुसऱ्या टोकाला मोजलं. परत मोजलं. पाच वेळा मोजलं. शेवटी गोपालने मान वर केली.

"चाळीस," तो म्हणाला. "चाळीस मायक्रॉन. बाबा, जितले तुमी."

तौसिफने शिट्टी मारली. गोपाल बापाच्या पाया पडला, आणि कडूबाच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही. दोन वर्षांपूर्वी लेथच्या ट्रकमागे चौकापर्यंत चालत गेलेला तो माणूस आज पुन्हा कारागीर झाला होता. मग त्याची नजर सत्यभामाबाईकडे गेली. ती कोपऱ्यात बाळाला घेऊन उभी होती. बोअरच्या पाण्याने तिचे केस पुन्हा राठ झाले होते, हातांची कातडी फुटली होती. कडूबाचा आनंद एकदम जड झाला.

"बांध बोचकं," तो म्हणाला. "जाऊ चाकनले."

"आता काऊन? जितले ना तुमी?"

"जितलो म्हून तं सांगून राह्यलो. हारलो असतो तं कुरकुरत आलो असतो. आता हासत येतो. मले पाह्यचं होतं ते पाह्यलं."

गोपालने आईकडे पाहिलं. सत्यभामाबाईने बाळ अपेक्षाकडे दिलं, पुढे आली आणि बेडवर हात ठेवला.

"उन्हाळ्याचे दोन मयने जाईन मी दरवर्षी," ती म्हणाली. "तोटीखाली बसीन, डाळ खाईन, नातू खेळवीन. पन घर अथीच राह्यन."

"काऊन वं? माह्यासाठी नोको राहू."

"तुमच्यासाठी कोन राह्यते?" ती म्हणाली. "चाळीस वर्सं पानी भरलं मी. ते पेलं, सांडलं, वाफ होऊन उडून गेलं. एक थेंब कुठी राह्यला नाई. हे पयलं पानी हाये माहं, जे राह्यलं. ते सोडून मी कुठी जाऊ?"